रक्ताची चाचणी आणि माणसाची अब्रू



समजा, उद्या आपल्या मुलीच्या शाळेत रक्ततपासणीचे शिबिर झाले आणि पंधरा दिवसांनी एक कागद घरी आला. त्यावर मुलीचे नाव, वय आणि खाली एकच शब्द : ‘वाहक’. मुलगी तर धडधाकट आहे. खेळते, अभ्यास करते, घरकामात आईला हातभार लावते. मग हा शब्द कशाचा? शेजारीपाजारी सांगावा की न सांगावा? काही वर्षांनी तिच्या निकाहाची बोलणी निघतील, तेव्हा हा कागद पुढे ठेवावा की कपाटाच्या तळाशी दडवून टाकावा?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतील शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट तिने ठरविले. महाराष्ट्रात विदर्भातील जिल्हे आणि नंदुरबारचा परिसर या आजाराशी फार पूर्वीपासून परिचित आहे. तपासणी झालेल्यांस त्यांच्या रक्तातील स्थिती सांगणारे कार्डही दिले जाते. काम चांगलेच आहे. तथापि असे कागद हाती पडल्यावर समाज कसा वागतो, याचा एक इतिहास आहे. तो अमेरिकेत घडला, ग्रीसमध्ये घडला, सायप्रसमध्ये घडला. आपल्या घरी कागद येण्यापूर्वी तो इतिहास आपण वाचलेला बरा.

एका विद्यार्थ्यापासून सुरुवात

ही हकिकत एका विद्यार्थ्यापासून सुरू होते. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९०४ साली दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोस आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही तांबड्या पेशी नेहमीसारख्या गोल न दिसता विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या. त्याचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात. त्यावरूनच पुढे ‘सिकलसेल’ हे नाव पडले. नोएल आजारपण सोसत शिकला, दंतवैद्य झाला, मायदेशी परतला, तेथे त्याने दवाखाना चालविला आणि १९१६ साली ऐन तारुण्यात त्याचे निधन झाले. या आजाराचा वैद्यकशास्त्राने नोंदविलेला पहिला रुग्ण पदवी घेऊन व्यवसाय करणारा माणूस होता, हे आपल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात, रक्त कमी पडते आणि लहान मुलांना जंतुसंसर्ग चटकन होतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असतो. १९५६ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी आणखी खोलात जाऊन सिद्ध केले की या हिमोग्लोबिनच्या लांबलचक साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेले असते. एका मोठ्या ग्रंथात एकच अक्षर चुकावे आणि अर्थ बदलून जावा, तसा हा प्रकार.

मग असे चुकलेले अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासावरून याचे उत्तर दिले. ज्यांना हे जनुक केवळ एका बाजूने मिळते, त्यांचे घातक हिवतापापासून बरेच संरक्षण होते. म्हणूनच जेथे जेथे हिवताप माजला होता, तेथे तेथे हे जनुक आढळते : आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावर आणि भारतात. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये झाली. यावरून हे जनुक कोणा एका वंशाचा वा जातीचा कलंक नव्हे हे स्पष्ट होते. डासांनी भरलेल्या प्रदेशात आपले पूर्वज जगले, त्याची ती खूण आहे.

‘वाहक’ म्हणजे काय?

आता त्या कागदावरील शब्दाकडे वळू. प्रत्येक माणसाला प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सदोष असतील तर माणूस रुग्ण होतो. एकच सदोष असेल तर तो वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शिकतो, कमावतो, संसार करतो आणि बहुधा आयुष्यभर त्याला या जनुकाचा पत्ताही लागत नाही.

पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा हिशेब काही जण मांडतात. तो चूक आहे. दर वेळी चिठ्ठी नव्याने उचलली जाते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त पूर्ण निर्दोष असेल, तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. थॅलेसीमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारालाही हाच हिशेब लागू पडतो. भारतात त्याचे वाहक शंभरात सुमारे तीन ते चार आहेत.

इतके हे साधे गणित. दहावीच्या विद्यार्थ्याला एका तासात समजावे असे. परंतु हे गणित समजावून न देताच तपासणीला हात घातल्यावर काय झाले, ते आता पाहा.

घाईने केलेले कायदे

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपैकी सुमारे बारांत एक या जनुकाचा वाहक आहे. तरीही अनेक दशके या आजाराकडे सरकारचे लक्ष नव्हते. १९७१ च्या सुमारास कृष्णवर्णीय संघटनांनी स्वतः वस्त्यांमध्ये मोफत तपासणी सुरू केली आणि आवाज उठविला. सरकारला जाग आली आणि मे १९७२ मध्ये सिकलसेल नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला. दरम्यान निरनिराळ्या राज्यांनी घाईघाईने आपापले कायदे केले. कोठे शाळेत प्रवेश घेताना, तर कोठे विवाहाचा परवाना घेताना चाचणी सक्तीची झाली. हेतू चांगला, पण मसुदे लिहिणाऱ्यांनाच वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट उमगला नव्हता. राजधानी वॉशिंग्टनच्या कायद्यात तर या आजाराला संसर्गजन्य रोगांच्या पंक्तीत बसविले गेले! जो आजार केवळ आईबापांकडून जन्मतःच येतो, तो शेजारी बसल्याने होतो असे कायद्यानेच सुचवावे, याला काय म्हणावे?

त्यातच सर्वत्र वापरली गेलेली स्वस्त चाचणी ‘सदोष हिमोग्लोबिन आहे’ एवढेच सांगत असे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्याने सांगवत नसे. त्यासाठी दुसरी, अधिक खर्चाची तपासणी लागे. ती अनेकदा झालीच नाही. सहा वर्षांच्या मुलांची चाचणी करून घरी कागद पाठविले गेले, पण ते समजावून सांगणारा कोणी दारी आला नाही. त्या वेळी या आजारावर परिणामकारक उपाय नव्हता आणि गर्भावस्थेत निदान करण्याची रक्तविरहित सोयही १९७८ नंतरच हाती आली. म्हणजे आईबापांच्या हाती भीती तेवढी दिली गेली.

ही भीती कोठवर गेली, याचे एक उदाहरण विचार करायला लावणारे आहे. लायनस पॉलिंग हे दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी, अणुशस्त्रांविरुद्ध लढलेले, मनाने दयाळू गृहस्थ. त्यांनीच १९६८ साली लेखी सुचविले की अशा सदोष जनुकांच्या वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. मुलांच्या यातना टळाव्यात हाच त्यांचा हेतू होता. पण ज्याच्या कपाळावर शिक्का, त्याला नोकरी कोण देईल, शाळेत त्याच्या शेजारी कोण बसेल, हा विचार त्यांना शिवला नाही. विद्वत्ता आणि सदिच्छा दोन्ही असूनही माणूस कोठे चुकू शकतो, हे यावरून दिसते.

प्रत्यक्ष कपाळावर कोणी गोंदविले नाही. पण कागदाने ते काम केले. काही विमा कंपन्यांनी निरोगी वाहकांकडून जादा हप्ते मागितले. हवाईदलाच्या अकादमीचे दरवाजे वाहक तरुणांना १९८१ पर्यंत बंद होते. न्यायालयात दाद मागितल्यावर ते उघडले. जुलै १९७२ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कायदा होऊन दोन महिने उलटतात न उलटतात तोच, टस्कीगीचे प्रकरण उजेडात आले. अलाबामा राज्यात १९३२ पासून चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर निरीक्षण चालविले होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही, आणि त्यांना खरे काय ते सांगितलेही नाही. ज्या समाजाने हे सोसले, त्याने सरकारी सुईकडे संशयाने पाहिले तर दोष कोणाचा?

पुढेही शहाणपण एका दिवसात आले नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली या सरकारी निधीवर चालणाऱ्या प्रयोगशाळेत कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातून, त्यांना न विचारता, कृष्णवर्णीयांची सिकलसेल चाचणी केली जात असे. १९९८ साली तेथील अपील न्यायालयाने सांगितले की माणसाच्या आरोग्याची अशी आतली माहिती न कळवता काढून घेणे हा त्याच्या खाजगीपणावर घाला ठरू शकतो. अखेर २००८ साली अमेरिकेत जनुकीय माहितीच्या आधारे नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. आयुर्विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

दोन बेट्या, दोन न्याय?

आता एका खेड्याकडे जाऊ. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस येथे सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. तेथे संशोधकांनी सर्वांची तपासणी केली आणि प्रत्येकास त्याचा निकाल सांगितला. काही वर्षांनी त्यांनी परत जाऊन पाहिले. त्याचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. गावात वाहकांकडे कमीपणाने पाहिले जाऊ लागले होते. लग्न जमेना म्हणून काहींनी निकाल लपविला होता. आणि परिणाम काय? तपासणी झाली नसती तर वाहक-वाहक अशी जितकी लग्ने झाली असती, जवळपास तितकीच झाली. आजार टळला नाही, अब्रू मात्र गेली.

याउलट सायप्रसमध्ये थॅलेसीमियाचे वाहक सातांत एक इतके. तेथे १९७० च्या दशकात शाळांतून, वृत्तपत्रांतून, धर्मस्थानांतून आधी समजावणी सुरू झाली. रुग्णांचे आईबाप स्वतः पुढे आले. १९८३ पासून तेथील चर्चने विवाहापूर्वी प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. पण या प्रमाणपत्रावर निकाल लिहिलेला नसतो! ‘दोघांची तपासणी झाली आहे आणि दोघांना योग्य सल्ला मिळाला आहे’ एवढेच त्यात असते. निकाल फक्त त्या दोघांना ठाऊक. वाहक ठरलेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडले नाही. वैद्यकीय सल्ल्याने आपला मार्ग ठरविला. थॅलेसीमिया घेऊन जन्मणाऱ्या बालकांची संख्या तेथे जवळजवळ शून्यावर आली. पुढे इराणने १९९७ मध्ये आणि सौदी अरेबियाने २००४ मध्ये विवाहपूर्व तपासणी देशभर लागू केली.

ऑर्कोमेनोस आणि सायप्रस यांच्या सुयांत फरक नव्हता. एके ठिकाणी आधी समज आली आणि गुप्तता पाळली गेली. दुसरीकडे आधी निकाल आला आणि तो चव्हाट्यावर गेला.

येथे पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे मूल आजारी जन्मले की बोट आईकडे वळते. सिकलसेलच्या रुग्ण बालकाला एक सदोष प्रत आईकडून तर दुसरी सदोष प्रत वडिलांकडून आलेली असते. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. असे असता मुलीकडूनच चाचणीचा कागद मागायचा आणि मुलाच्या रक्ताची विचारपूसही करायची नाही, हा कोठला न्याय? मुलीचा कागद मागणाऱ्याने आपल्या मुलाचा कागद आधी पुढे ठेवावा. घरात सून आली म्हणजे तीही कोणाची तरी बेटी असते. स्वतःच्या बेटीला एक न्याय आणि सुनेला दुसरा, असे होऊ नये.

चांगल्या चाचणीचा वापर मुलींविरुद्ध कसा होतो, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. गर्भातील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी आलेली गर्भजलपरीक्षा १९८० च्या दशकात मुलगी आहे का हे पाहून गर्भ पाडण्यासाठी सर्रास वापरली गेली. तिला आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. सुई निर्दोष होती, नियत खोटी होती.

नात्यातील लग्ने

नात्यातील विवाहांविषयीही दोन शब्द. दख्खनेत चुलत-मावस भावंडांची लग्ने मुसलमानांत होतात, तशी मामा-आत्याच्या मुलांची लग्ने अनेक हिंदू जातींतही होतात. त्यामुळे यात कोणी कोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. हिशेब मात्र समजून घ्यावा. आजी वाहक असेल, तर तिच्या प्रत्येक अपत्यास ते जनुक मिळण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक नातवंडास पाव. म्हणजे अशा घरातील दोन नातवंडांचे लग्न झाल्यास दोघेही वाहक असण्याचा संभव बाहेरच्या लग्नापेक्षा बराच वाढतो. ज्या घरात असे एखादे मूल दगावले आहे किंवा वारंवार रक्त चढवून घेत आहे, त्या घराने तर बोलणी पुढे नेण्यापूर्वी दोघांची तपासणी अवश्य करावी. अंदाजाने घाबरण्यापेक्षा किंवा अंदाजाने निर्धास्त राहण्यापेक्षा तपासून घेणे केव्हाही चांगले.

यातून आणखी एक प्रश्न निघतो. माझ्या रक्ताचा निकाल हा थोडासा माझ्या भावाचा, बहिणीचा, मावशीच्या मुलाचाही निकाल असतो. मग तो त्यांना सांगणे माझे कर्तव्य की माझा निकाल गुप्त ठेवणे माझा अधिकार? माझ्या मते जवळच्या नातलगांस ‘तुम्हीही तपासून घ्या’ एवढे सांगणे हे कर्तव्यच आहे. पण ते त्यांच्या कानी घालावे, लग्नाच्या मांडवात नव्हे. आता तर थुंकीचा नमुना पाठवून जनुकांची कुंडली मागविण्याची सोयही झाली आहे. २०२३ साली अशा एका अमेरिकी कंपनीकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. पासबुकाचा क्रमांक बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत. म्हणून गंमत म्हणून असा नमुना कोणाला देऊ नये.

आपण काय करावे?

आता त्या पहिल्या कागदाकडे परत येऊ. शिबिर असेल तर मुलांना जरूर पाठवा. पण आधी विचारा : ही चाचणी कशाची? पहिल्या चाचणीत दोष दिसल्यास वाहक की रुग्ण हे ठरविणारी पुढची तपासणी होईल काय? निकाल कोणाला कळेल? समजावून सांगायला कोणी असेल काय? वर्गात नावे वाचून दाखविली जाणार असतील, तर नम्रपणे पण ठामपणे हरकत घ्या.

मूल वाहक निघाले तर त्याला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगा की तू आजारी नाहीस. निकाहाची बोलणी निघतील तेव्हा लपवाछपवी नको आणि जाहिरातही नको. मुलगा आणि मुलगी दोघांची तपासणी व्हावी आणि निकाल त्या दोघांनी डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावा. दोघेही वाहक असतील तर पुढचा निर्णय कठीण असतो. तो त्यांनी डॉक्टरांचा आणि ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे अशा जाणत्यांचा सल्ला घेऊन करावा. त्यात मोहल्ल्याने पडू नये.

आणि मूल रुग्ण निघाले तरी धीर सोडू नका. लहानपणापासून पेनिसिलीन दिल्याने घातक संसर्ग पुष्कळच टळतात हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळांचे झटके कमी होतात. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसीमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला आहे. त्या सवलती मागून घेण्यात कमीपणा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली. तेथे त्याची किंमत एका रुग्णामागे बावीस लाख डॉलर जाहीर झाली. ज्या आजाराचे बहुतेक रुग्ण गरीब आहेत, त्याचा इलाज इतका महाग असावा, हा या विषयातील कदाचित सर्वांत मोठा नैतिक प्रश्न आहे. तो सोडविणारे उद्याचे शास्त्रज्ञ, वकील आणि डॉक्टर आज आपल्या शाळांच्या बाकांवर बसले आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, जीवशास्त्राच्या तासाला मेंडेलचे वाटाणे केवळ गुणांसाठी पाठ करू नका. तेच गणित घरी आईला, आजीला समजेल अशा भाषेत एकदा सांगा. ज्या घराला ते समजले आहे, त्या घरात ‘वाहक’ असा कागद आला तरी कोणी मान खाली घालणार नाही.